सर्व्हरचे भाडे आणि जगाची मालकी : प्रस्तावना

अनेक माणसे एकाच वेळी एकाच कल्पित जगात खेळत असतात, तेव्हा त्या जगात नेमके काय घडले याचा अंतिम निर्णय कोणत्या तरी एका यंत्राकडे सोपवावा लागतो. कारण भिंत फुटली की नाही, बाण लागला की चुकला, पेटीतले सोने आधी कोणी उचलले, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक खेळाडूचा संगणक आपापल्या परीने देऊ लागला, तर थोड्याच वेळात प्रत्येकाचे जग निराळे होईल. हा निर्णय देणारे यंत्र आणि त्यावर अखंड चालणारा प्रोग्रॅम यांना मिळून सर्व्हर म्हणतात, आणि असे यंत्र दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या विजेवर व दुसऱ्याच्या इंटरनेट-जोडणीवर भाड्याने घेण्याच्या व्यवहाराला होस्टिंग म्हणतात. विद्यार्थी, नुकतेच नोकरीला लागलेले तरुण आणि हौशी खेळाडूंचे छोटे गट यांना परवडेल अशा रीतीने हा व्यवहार कसा करावा, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. वरवर पाहता तो किरकोळ खरेदीचा प्रश्न वाटतो, म्हणजे चार कंपन्यांची मासिक भाडी शेजारी शेजारी मांडावीत आणि त्यांतले सर्वांत कमी निवडावे. प्रत्यक्षात खेळाचा भार कशावर पडतो हे ओळखल्याशिवाय स्वस्त आणि महाग या शब्दांना काही अर्थ उरत नाही. आणि ज्या व्यवहारात उभारलेले जग आपल्या ताब्यात परत मिळण्याची खात्री नाही, तो कितीही कमी पैशांत होत असला तरी परवडणारा नसतो, ही या विवेचनामागची ठाम भूमिका आहे.

अनेकांनी मिळून खेळण्याच्या संगणकीय खेळांचा इतिहास पाहिला, तर सामान्य खेळाडूच्या हाती सर्व्हर येणे ही बरीच उशिरा घडलेली गोष्ट दिसते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढवलेला ‘मड’ हा केवळ अक्षरांतून खेळायचा खेळ विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर चाले, आणि त्या संगणकाची मालकी खेळणाऱ्यांकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. १९९३ च्या ‘डूम’मध्ये खेळाडूंचे संगणक थेट परस्परांशी बोलत आणि सर्वांच्या हालचाली कळेपर्यंत प्रत्येकाला थांबावे लागे, त्यामुळे एकाची जोडणी मंद असली की सर्वांचाच खेळ मंदावे. १९९६ च्या ‘क्वेक’ने ही रचना सोडून एक निर्णायक सर्व्हर आणि त्याला जोडलेले अनेक खेळाडू अशी मांडणी स्वीकारली, व त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’ या त्याच्या सुधारित रूपात प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी खेळाडूच्या संगणकाने सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच्या हालचालीचा अंदाज बांधून ती लगेच पडद्यावर दाखवावी अशी सोय केली, जी आज बहुतेक वेगवान खेळांत गृहीत धरली जाते. या तंत्रापेक्षाही महत्त्वाची बाब अशी, की सर्व्हरचा प्रोग्रॅम खेळाडूंना देऊन टाकलेला होता आणि ज्याच्याकडे बरी जोडणी असेल त्याला तो चालवता येत होता. हौशी होस्टिंगची परंपरा तिथून रुजली.

पुढील विवेचनात मुख्य उदाहरण म्हणून ‘माइनक्राफ्ट’ची जावा आवृत्ती घेतली आहे. मोजांग या स्वीडिश कंपनीचा हा खेळ नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला, आणि तरीही त्याच्या सर्व्हरचा प्रोग्रॅम आजतागायत कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. शिवाय या खेळात सर्व्हरवर पडणारा भार इतक्या स्वच्छपणे दिसतो, की तो एकदा समजला म्हणजे इतर खेळांचे हिशेब मांडणे सोपे जाते.

सर्व्हरवरील जग सलग चालत नाही. ते ठोक्यांनी पुढे सरकते. प्रत्येक ठोक्याला, ज्याला टिक म्हणतात, सर्व्हर आलेल्या आज्ञा वाचतो, प्राणी हलवतो, पाणी वाहवतो, पिके वाढवतो आणि झालेले बदल सर्वांना कळवतो. माइनक्राफ्टमध्ये असे सेकंदाला २० ठोके ठरलेले आहेत, म्हणजे एका ठोक्याचे सारे काम ५० मिलिसेकंदांत, सेकंदाच्या विसाव्या भागात, उरकावे लागते. ते ४० मिलिसेकंदांत झाले तर उरलेला वेळ सर्व्हर निवांत असतो; ७० लागले तर ठोके लांबतात, प्राणी अडखळत चालतात, फोडलेला ठोकळा क्षणभराने पुन्हा जागेवर दिसतो, आणि खेळाडू ज्याला ‘लॅग’ म्हणतात तो अनुभव येतो. ‘फॅक्टोरिओ’ हा कारखाने उभारण्याचा खेळ सेकंदाला ६० ठोक्यांवर चालतो. नेमबाजीच्या ‘व्हॅलोरंट’च्या निर्मात्यांनी २०२० साली १२८ ठोक्यांचे सर्व्हर देऊ केले. ठोका जितका जलद, तितका प्रत्येक ठोक्याला मिळणारा अवधी अपुरा, आणि म्हणून तितकाच प्रोसेसर चपळ हवा.

होस्टिंगच्या जाहिराती इथेच ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल करतात. जाहिरातीत कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रांची, संख्या ठळक छापलेली असते, परंतु माइनक्राफ्टच्या मूळ सर्व्हरचे ठोक्यातले मुख्य काम एकाच कोअरवर, एकापाठोपाठ एक असे चालते. चार आचारी आणले म्हणून एक पुरणपोळी चौपट वेगाने भाजली जात नाही, तसे आठ मंद कोअर असलेले यंत्र दोन वेगवान कोअर असलेल्या यंत्रापेक्षा या कामात मागे पडते. जगाचे नवे भाग तयार करणे, फाइली लिहिणे, संदेश पाठवणे अशी काही कामे इतर कोअर उचलतात, आणि ‘फोलिया’सारख्या पर्यायी सर्व्हर-प्रोग्रॅमने दूरदूरच्या प्रदेशांचे ठोके वेगवेगळ्या कोअरांवर चालवण्याची रचना केली आहे, पण तिचा लाभ शेकडो खेळाडू विखुरलेले असतील तेव्हाच होतो. दहा-पंधरा जणांच्या गटाने विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न प्रोसेसरचे नेमके मॉडेल कोणते, हाच असला पाहिजे, आणि ते सांगण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याशी मासिक करारसुद्धा करू नये.

भार किती आहे हे ठरवण्याचे एक मोठे साधन भाडेकरूच्याच हाती असते, आणि त्याचा उपयोग न करता महागडे यंत्र घेणाऱ्यांची संख्या दुर्दैवाने मोठी आहे. माइनक्राफ्टचे जग १६ × १६ ठोकळ्यांच्या उभ्या स्तंभांत विभागलेले असते, ज्यांना चंक म्हणतात. खेळाडूच्या प्रत्येक बाजूला किती चंक पाठवायचे हे सर्व्हरच्या मांडणी-फाइलीतील एका आकड्यावर ठरते आणि तो आकडा मुळात १० असतो. म्हणजे खेळाडू उभा असलेला चंक धरून एका रांगेत २१ आणि एकूण २१ × २१, अर्थात ४४१ चंक एका खेळाडूमागे सांभाळावे लागतात. तोच आकडा ६ केला की हिशेब १३ × १३, म्हणजे १६९ वर येतो. दूरचा डोंगर थोडा उशिरा दिसतो, एवढ्या मोबदल्यात भार निम्म्याहूनही कमी होतो. २०२१ च्या अखेरच्या १.१८ या आवृत्तीपासून दिसण्याचे अंतर आणि जिथवर प्राणी व पिके जिवंत ठेवायची ते अंतर वेगळे ठरवता येते, त्यामुळे दृश्य फारसे न आटवताही प्रोसेसरला मोकळे करता येते. नवा प्रदेश निर्माण करणे हे सर्वांत खर्चिक काम असल्याने, खेळ सुरू होण्यापूर्वी एका रात्रीत ठरावीक परिघातील जग आधीच तयार करून ठेवणे आणि त्याबाहेर सीमा घालणे, हाही असाच विनामूल्य उपाय आहे. ‘पेपर’सारखा सुधारित सर्व्हर-प्रोग्रॅम आणि कोणत्या कामाला किती मिलिसेकंद लागले हे दाखवणारे ‘स्पार्क’सारखे साधन वापरून आधी मोजमाप करावे आणि मगच अधिक भाड्याचा विचार करावा.

मेमरीविषयी, ज्यावर विक्रेते सर्वाधिक बोलतात, तुलनेने थोडेच सांगण्यासारखे आहे. मूळ खेळ खेळणाऱ्या लहान गटाला साधारण ४ जीबी पुरते. शेकडो मॉड, म्हणजे खेळाडूंनी रचलेल्या भर घालणाऱ्या सुधारणा, बसवल्या तर ८ जीबी किंवा त्याहून अधिक लागते. त्यापलीकडे मेमरी वाढवल्याने खेळ वेगवान होत नाही. जावा भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम वापरून झालेली मेमरी अधूनमधून झाडून काढतात आणि त्या वेळी क्षणभर थांबू शकतात, म्हणून वाटेल तेवढी मेमरी देण्यापेक्षा ही झाडलोट कशी व्हावी याच्या सूचना नीट देणे अधिक उपयोगी पडते.

अंतराचा प्रश्न मात्र पैशांनी सुटत नाही, कारण तिथे गाठ भौतिकशास्त्राशी असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे सर्व्हर जितके हजार किलोमीटर दूर, तितके दहा दहा मिलिसेकंद जाण्यायेण्यात खर्च होणारच. मुंबईपासून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे आदर्श स्थितीतही ३९ मिलिसेकंद. फ्रँकफर्टसाठी ही मर्यादा ६५ च्या आसपास येते, आणि समुद्राखालील केबल सरळ रेषेत नसल्याने व वाटेत अनेक ठिकाणी संदेश हाताळला जात असल्याने प्रत्यक्ष आकडा शंभराच्या वर जातो. या जाण्यायेण्याच्या वेळेला पिंग म्हणतात. युरोपातील होस्टिंग अनेकदा भारतातील होस्टिंगपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, आणि घरे बांधण्याच्या, शेती करण्याच्या शांत खेळाला दीडशे मिलिसेकंदांचा पिंग सहज चालतो. नेमबाजीत किंवा तलवारीच्या द्वंद्वात मात्र तोच पिंग अन्यायकारक ठरतो. म्हणून सर्व्हरचा देश निवडण्यापूर्वी गट काय खेळणार आहे हे प्रामाणिकपणे ठरवावे लागते.

महाराष्ट्रातील खेळाडूला या बाबतीत एक लाभ आहे, ज्याची त्याला बहुधा जाणीव नसते. भारतात येणाऱ्या समुद्री केबलपैकी मोठा वाटा मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतो आणि त्यामुळे देशातील डेटा सेंटरचे सर्वांत मोठे केंद्र मुंबई व नवी मुंबई परिसरात वाढले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. परंतु केंद्र जवळ असणे म्हणजे वाट जवळची असणे नव्हे. नागपूर किंवा कोल्हापूरच्या एखाद्या इंटरनेट कंपनीची मुंबईतल्या त्या विशिष्ट होस्टिंग कंपनीशी सरळ जोडणी नसेल, तर संदेश चेन्नई किंवा सिंगापूरचा फेरा घालूनही येऊ शकतो. त्यामुळे विक्रेत्याच्या नकाशावर विसंबण्याऐवजी त्याने चाचणीसाठी दिलेल्या पत्त्यावर गटातील प्रत्येकाने आपल्या घरून, आणि विशेषतः रात्री नऊ-दहाच्या गर्दीच्या वेळी, पिंग मोजून पाहावा. गटातील काही जण पुण्यात आणि काही न्यू जर्सीत असतील, तर भारतातून अमेरिकेकडे जाणारी पुष्कळशी वाहतूक युरोपमार्गे जात असल्याने, मुंबई किंवा न्यूयॉर्कपेक्षा फ्रँकफर्ट वा लंडन सर्वांना अधिक समान वागणूक देणारे ठिकाण ठरते.

भाड्याच्या प्रकारांत सर्वांत सोपा तो, ज्यात विक्रेता एकाच मोठ्या यंत्रावर अनेक ग्राहकांचे सर्व्हर ठेवतो आणि वापरण्यासाठी तयार नियंत्रण-पटल देतो. तो नवख्यांना सोयीचा असला, तरी सगळे ग्राहक एकाच वेळी जागे होणार नाहीत या भरवशावर यंत्राच्या कुवतीपेक्षा अधिक जागा विकण्याची प्रथा याच प्रकारात बोकाळली आहे. ‘अमर्याद खेळाडू’ असे आश्वासन देणाऱ्याने ठोक्याच्या ५० मिलिसेकंदांचे काय करायचे ठरवले आहे, हे विचारले पाहिजे. दुसरा प्रकार आभासी खासगी सर्व्हरचा, ज्याला व्हीपीएस म्हणतात. यात लिनक्सची मोकळी प्रणाली मिळते, तिची निगा स्वतः राखावी लागते, आणि ‘टेरोडॅक्टिल’सारखे मुक्त नियंत्रण-पटल बसवता येते. इथेही शेजाऱ्यांचा उपद्रव असतो, पण तो मोजता येतो, कारण आपल्या वाट्याचा किती वेळ इतरांनी खाल्ला हे लिनक्स ‘स्टील’ या नावाखाली दाखवते. संध्याकाळी तो आकडा सतत पाच-दहा टक्क्यांच्या वर राहत असेल तर भाडे कमी असण्याचे कारण उघड होते. संपूर्ण यंत्र एकट्याने घेण्याचा तिसरा प्रकार लहान गटांना क्वचितच लागतो.

मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे तासावर भाडे आकारले जाते, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी चार चार तास खेळणाऱ्या गटाला महिन्याच्या ७३० तासांपैकी सुमारे ५२ तासच यंत्र लागत असल्याने ही पद्धत मोहक वाटते. ती खरोखर उपयोगी आहे, मात्र यंत्र बंद असतानाही डिस्कचे भाडे चालू राहते, राखून ठेवलेल्या इंटरनेट पत्त्याला अॅमेझॉनसारखी कंपनी तासाला अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरहून अधिक आकारते, आणि बाहेर जाणाऱ्या माहितीचा दर वेगळा लागतो. गेमचा सर्व्हर आत घेतो थोडे आणि बाहेर पाठवतो पुष्कळ, हे इथे विसरता कामा नये. परदेशी कंपनीच्या डॉलरमधील किमतीवर बँकेचा चलनबदलाचा अधिभार आणि बहुधा १८ टक्के वस्तू व सेवा कर चढतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून लागू केलेल्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा आपोआप होणाऱ्या वसुलीला आगाऊ नोंदणी लागते, आणि ती नोंदणी न जमणाऱ्या परदेशी विक्रेत्याची वसुली फसून सर्व्हर बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून हप्ता चुकल्यावर किती दिवसांनी माहिती पुसली जाते, हे आधीच पाहून ठेवावे.

घरच्या जुन्या संगणकावर सर्व्हर चालवणे हा मार्ग अनेकांना फुकटचा वाटतो. साठ वॅट खाणारे यंत्र महिनाभर अखंड चालले तर सुमारे ४३ युनिट वीज लागते, आणि महावितरणच्या घरगुती दरांत वापर वाढेल तसा वरचा टप्पा महाग होत असल्याने हे ४३ युनिट घराच्या बिलातील सर्वांत महाग दराने मोजले जातात. प्रति युनिट दहा रुपये धरले तरी खर्च चारशे तीस रुपयांच्या घरात जातो. दुसरी अडचण पत्त्याची आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, ज्याला सीजीनॅट म्हणतात, आणि मग राउटरमध्ये माइनक्राफ्टचे नेहमीचे २५५६५ हे पोर्ट उघडूनही बाहेरच्या मित्राला सर्व्हर सापडत नाही. कंपनीकडून जादा शुल्काने स्थिर पत्ता घेणे, सर्वांकडे आयपीव्ही६ हा नव्या पद्धतीचा पत्ता असल्यास त्यावरून जोडणे किंवा खासगी आभासी जाळे उभारणे हे उपाय आहेत, आणि वीज न जाणाऱ्या भागातील चार-पाच मित्रांसाठी ते पूर्णपणे समाधानकारकही ठरतात.

सुरक्षिततेचा विचार लहान सर्व्हरला अनावश्यक वाटतो, पण या खेळाचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. लाखो घरगुती उपकरणे ताब्यात घेऊन एकाच लक्ष्यावर बनावट वाहतुकीचा भडिमार करणारे ‘मिराई’ हे जाळे २०१६ साली ज्या तीन अमेरिकी तरुणांनी रचले आणि ज्यांनी पुढे २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्यांच्या उद्योगाची मुळे माइनक्राफ्ट सर्व्हरांच्या आपसांतील धंदेवाईक चढाओढीत होती; आणि ‘मिराई’चा कोड उघड झाल्यावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी इतरांनी ‘डाइन’ या कंपनीवर केलेल्या हल्ल्यात अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. म्हणून असा भडिमार जाळ्याच्या दारातच गाळण्याची सोय हे भाड्यातील चैनीचे कलम नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४शेल’ ही त्रुटी उघडकीस आली तेव्हा माइनक्राफ्टच्या गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टाकून सर्व्हरवर परका प्रोग्रॅम चालवता येत होता, आणि ज्यांच्या होस्टिंगमध्ये सर्व्हरची आवृत्ती लगेच बदलणे शक्य होते त्यांना हा धोका लवकर टाळता आला.

शेवटी प्रश्न उरतो तो जगाच्या मालकीचा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत भस्मसात झाले आणि ‘रस्ट’ या खेळाच्या युरोपातील पंचवीस सर्व्हरांवरील माहिती कायमची गेली. ते सर्व्हर निर्मात्या कंपनीचे होते, तिच्याकडे तज्ज्ञ होते, तरीही ती माहिती परत आणता आली नाही. ३१ मार्च २०२४ रोजी यूबिसॉफ्टने ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर बंद केले तेव्हा एकट्याने खेळतानाही त्या सर्व्हरची गरज असल्याने पैसे देऊन घेतलेला खेळ कोणालाच खेळता येईना. याउलट ‘क्वेक’चा कोड १९९९ साली खुला झाला असल्याने त्याचे सर्व्हर हौशी माणसे आजही चालवतात. मुलांनी शाळेच्या सुट्टीत, मित्रांनी शहरे बदलल्यानंतर, भावंडांनी दोन खंडांतून मिळून बांधलेले गाव ही त्यांच्या सहवासाची खरीखुरी नोंद असते, आणि तिचे मोल जाणणारा विक्रेताच त्यांनी निवडला पाहिजे.

त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी एवढे तरी निश्चित करून घ्यावे, की जगाची संपूर्ण फोल्डर फाइली पाठवण्याच्या एसएफटीपीसारख्या साध्या मार्गाने कधीही उतरवून घेता येते, विक्रेता घेत असलेली प्रत त्याच यंत्रावर ठेवली जात नाही, आणि खाते बंद केल्यावर काही दिवस तरी फाइली उपलब्ध राहतात. पहिल्याच महिन्यात ती फोल्डर एकदा घरच्या संगणकावर उतरवून तिथे सर्व्हर सुरू करून पाहावा, आत शिरून चार ओळखीची ठिकाणे फिरून यावीत, पेट्या उघडून पाहाव्यात. फोल्डर उतरली पण जग उघडले नाही, असे आढळल्यास दुरुस्तीला किंवा दुसरीकडे जाण्याला त्या वेळी अजून पुरेसा अवधी असतो.